गालिच्यावर हात ठेवून

राजाजीनगर, बंगळूर
२८ डिसेंबर १९५९

अण्णा,

पाकिटावर तुझं नाव घातलं असतं तर माझं अक्षर ओळखून तू ते तसंच बंबात टाकलं असतंस, म्हणून वर ठकुवहिनींचं नाव घातलंय. वहिनी, हे त्याला वाचून दाखवा. उठून जायला लागला तर दारात उभ्या राहा.

नऊ वर्षांपूर्वी तू माझ्या अंगणात येऊन रंगाचं पातेलं लाथेनं उलटं केलंस. लग्न झालेल्या मुलीनं बापाचा रंग सासरी न्यायचा नसतो, हा आपल्या रंगाऱ्यांच्या घरातला कायदा तू मला सगळ्या गल्लीसमोर ऐकवलास. ह्यांनी तुला दार दाखवलं आणि मी ओरडले, मेले तरी होसकोट्याला तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. ठेवत नाहीये. सोळा मैलांवर राहतोस, बसनं सकाळी निघून दुपारी परत येता येईल, तरी पत्र लिहितेय. यावरून काय ते समज.

एकच विचारायचंय. लोकरीवर चढलेला लाल रंग कसा उतरवायचा? लोकरीला धक्का न लागता. सुती नव्हे, रेशीम नव्हे, लोकर. जुनी.

काय झालंय ते सांगते. हे लिलावघरात नोकरीला आहेत ते तुला ठाऊकच आहे. इंग्रज जाताना कँटोन्मेंटातल्या बंगल्यांतलं सामान विकून गेले, त्यात ह्यांना जुन्या गालिच्यांचं वेड लागलं. विकत घ्यायची ऐपत नाही. आमच्याकडे दोनच आहेत, तेही फाटके. पण ज्यांच्याकडे आहेत अशा लोकांचं ह्यांनी एक मंडळ जमवलं आणि स्वतः बिनपगारी चिटणीस होऊन बसले. कॉफीमळेवाले, डॉक्टर, एक रिटायर जज्ज, उटीचं एक इंग्रज जोडपं. येत्या २२ तारखेपासून तीन दिवस त्यांची परिषद आहे, इथे बंगळुरात. परिषद म्हणजे काय, तर चाळीस शहाणी माणसं एकमेकांच्या गालिच्याची मागली बाजू उलटून बघणार आणि "हं" म्हणणार. त्या "हं"पायी आमच्या नाकी नऊ आलेत.

वर्गणी कोणी देत नाही. मोटारीतून उतरतात आणि बारा रुपये पुढच्या वेळी म्हणतात. पौषात लग्नं नसतात म्हणून ह्यांनी एक लग्नाचं छत्र, अख्खं कार्यालय, अर्ध्या भाड्यानं ठरवलं. केवढे खूश होते! आता छत्राचा मालक म्हणतो भिंतीला खिळा मारायचा नाही, आत अंडं शिजवायचं नाही, बूट घालायचे नाहीत. म्हणजे गालिचे टांगायला बांबूंचा सांगाडा वेगळा, इंग्रजांचं जेवण हॉटेलात वेगळं. गालिचे रेल्वेनं येणार, त्यांचा विमा वेगळा. प्रत्येक गालिच्यापाशी एक माणूस बसवायचा, त्याची मजुरी आणि दोन वेळचं जेवण. ट्यूबलाइटात लाल रंग तपकिरी दिसतो म्हणून छत्राच्या चौकावरचे पत्रे काढून उजेड आत घ्यायचा, आणि परिषद झाली की पत्रे परत बसवून द्यायचे. कोणाचा गालिचा पहिल्या रांगेत, यावर तीन बैठका झाल्या. तिन्ही आमच्या घरी, कॉफी माझी.

त्यातला एक गालिचा आधीच आमच्याकडे येऊन पडलाय. अध्यक्षांचा, म्हणजे त्या जज्जसाहेबांचा, हयवदनमूर्तींचा. त्यांच्या बंगल्याला चुना देणं चाललंय. इराणी आहे, दीड-दोनशे वर्षांचा म्हणतात. मागल्या खोलीत ठेवला होता. त्यावर माझं लाल लुगडं ओलं पडलं आणि रंग लागला. बस्, एवढंच.

स्वल्प लवकर लिही, अण्णा.

सत्यवती

राजाजीनगर
६ जानेवारी १९६०

अण्णा,

तुझं कार्ड आलं. नाव नाही, खुशाली नाही. "लुगड्याचा रंग लोकरीत भिनत नाही. खरं काय ते लिही." नऊ वर्षांनी भाऊ लिहितो तर दोन ओळी! तरी ते कार्ड घेऊन मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि पुन्हा पुन्हा वाचलं. आता हसू नकोस.

सरी, ठीक आहे. लुगडं नव्हतं.

कसर लागू नये म्हणून गालिचा उन्हात घातला होता. हे कामावर गेलेले. अंगणात उलगडला तर एक बाजू डाळिंबाच्या दाण्यासारखी आणि दुसरी विटून विटून जुन्या फडक्यासारखी. जज्जांकडे ती बाजू खिडकीशी होती, वर्षानुवर्षं उन्हं खाल्ली तिनं. मला बघवेना. परिषदेला मुंबईहून नंदकिशोरजी म्हणून कोणी येणार आहेत, तिथल्या एका मोठ्या संग्रहालयासाठी गालिचे घेतात. ते हा गालिचा बघायलाच येतायत. म्हटलं, एवढी मोठी माणसं येणार आणि अध्यक्षांचाच गालिचा असा? ह्यांचं हसं होईल. म्हणून त्या विटक्या बाजूला मी थोडा हात लावला. थोडासाच.

मग जेवताना हे सांगायला लागले आणि माझा घास तोंडातच राहिला. ह्या लोकांत विटलेला चालतो, फाटका चालतो, उंदरानं कुरतडलेला चालतो. नवा रंग चालत नाही. नवा रंग चढवला की गालिचा मेला, आणि चढवणारा चोर. मंडळाची एक रीत आहे, ह्यांनीच घातलेली. गालिचा विकला जायचा असेल तर चिटणीस भर सभेत त्यावर उजवा हात ठेवून सांगतो की ह्याला नवी गाठ नाही, नवा रंग नाही. लिहून द्यायचं काही नाही. ह्यांच्या हातावर विश्वास ठेवून लोक हजारो रुपये मोजतात. पगार असा तो किती, कोट एकच, पण त्या हातामुळे जज्ज उठून उभे राहतात ह्यांना बघून. दुसरं आहे काय माझ्या नवऱ्याकडे?

म्हणजे शेवटच्या दिवशी, २४ तारखेला, हे माझ्या रंगावर हात ठेवणार आणि खोटं बोलणार. आणि ह्यांना ते ठाऊकही नसणार.

तू म्हणशील, नवऱ्याला सांगून मोकळी हो. सांगितलं तर हे त्या पावली जज्जांच्या बंगल्यावर जातील, ओळखतोस तू त्यांना. मग गालिचा विकला जाणार नाही. आणि न विकला गेला तर, हे मी तुला सांगणार नव्हते, परिषदेची तूट भरणार कोण? भाडं, विमा, बांबू, आचारी, सगळं ह्यांनी अंगावर घेतलंय, आमच्या ह्या घराचे कागद चिकपेटेतल्या एका शेटकडे ठेवून. जज्ज म्हणालेत, "गालिचा विकला की तूट माझ्याकडे लागली, दामोदर, घोर करू नकोस." तोंडानं म्हणालेत. सांगितलं तर घर जातं. नाही सांगितलं तर ह्यांचा हात जातो. मधे एकच वाट आहे, २४ तारखेच्या आत रंग उतरवायचा, आणि ती वाट मला ठाऊक नाही. आप्पाजींनी, सख्ख्या बापानं, चढवायचा रंग माझ्यापासून लपवला, उतरवायचा कुठून दाखवणार?

लिंबू लावून बघितलं. रिठ्याचं पाणी, आंबट ताक, सगळं झालं. ढिम्म हलत नाही. मला झोप नाही, अण्णा. हे गालिच्याच्या खोलीकडे वळले की मी काहीतरी काम काढून त्यांना परत बोलावते.

तुझी सत्यवती

राजाजीनगर
११ जानेवारी १९६०

अण्णा,

"थोडा हात म्हणजे काय? मुळं कुठली, तुरटी किती, पाणी कुठलं?" वा! बहीण बुडतेय आणि भाऊ पाणी कुठलं विचारतो.

विचारलंसच तर ऐक. थोडा हात नव्हता. अर्धा गालिचा रंगवला मी.

मंजिष्ठ चिकपेटेतल्या काष्ठौषधीवाल्याकडून आणली. पहिली त्यानं दिली ती मोडून बघितली, आत पिवळी, तोंडावर फेकली त्याच्या. मग आतून दुसरी काढली, मोडल्यावर तांबडी. कुटून भिजत घातली. नळाच्या पाण्यात नाही घातली. आप्पाजी पंपाचं पाणी भट्टीजवळसुद्धा आणू देत नसत, आठवतं? मागल्या आळीच्या विहिरीचं आणलं, चुनखडीचं. लोकरीला आधी तुरटी पाजली, सावलीत सुकवली. तुरटी किती ते तुला सांगत नाही, तू आप्पाजींसमोर बसून जांभया देत होतास तेव्हा मी दाराआडून मोजत होते. रंग उकळू दिला नाही. बोट बुडवून धरता आलं पाहिजे एवढाच कढत. काडीला चिंधी गुंडाळून लावला, निळ्या फुलांच्या कडेकडेनं, एका फुलाला थेंब लागू दिला नाही. पहिला हात फिका बसला. वाळवून दुसरा दिला, ओल्या फडक्यावर तापलेली वीट फिरवून वाफ दिली, चिंचेच्या पाण्यानं पुसून घेतला. दुसऱ्या हातानंतर दोन्ही बाजू एक झाल्या. दुसऱ्या दिवशी सांधा शोधायला गेले तर मलाच सापडेना!

हे मी तू विचारलंस म्हणून सांगतेय. कौतुक म्हणून नाही. ह्यांची अब्रू राहावी एवढाच विचार होता माझा.

काठाच्या मागून चार धागे काढून पाकिटात घातलेत. पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेत ते विटके, नुसते आहेत ते माझे. उजेडात बघ आणि काय लावायचं ते लिही. सोडा लावू का? गवळ्याच्या बायकोनं राखेचं पाणी सांगितलंय, पण माझा हात धजत नाही.

काल जज्ज स्वतः आले होते. गालिचा बघू म्हणाले, मी गुंडाळीचं टोक तेवढं उलगडून दाखवलं. डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्यांच्या. हात फिरवून म्हणाले, "छान झाडलंत हो, अक्का." मला अक्का म्हणाले ते. ते गेल्यावर मी न्हाणीत जाऊन रडले.

तेरा दिवस उरलेत. तू कार्डावर दोन ओळी लिहितोस तशा लिही, पण लिही.

सत्यवती

राजाजीनगर
१७ जानेवारी १९६०

अण्णा,

"धागे बघितले. हा आप्पाजींचा रंग आहे. उतरणार नाही. सोडा लावलास तर लोकर जाईल आणि रंग राहील."

एवढंच? पुढे काही नाही? कार्डाच्या मागे पत्त्याशिवाय काही नाही, तरी ते उलटून मी किती वेळा बघितलं असेल!

तू ये. लिहिणं पुरे झालं. तुझ्या हाताला काहीतरी सापडेल. रंग उतरत नसेल तर विटवता येईल, उन्हासारखं काहीतरी करता येईल. सांगशील ते करीन. पुन्हा कधी मंजिष्ठेला हात लावणार नाही, कुलदेवीची शपथ घेते. तू म्हणत असशील तर मी येते, उंबऱ्यावर डोकं ठेवते, जे बोललेय ते गिळते. गल्लीतल्या लोकांना बोलाव हवं तर बघायला. बसवंत टांगेवाल्याला विचारून ठेवलंय, पहाटे बसस्टँडवर सोडतो म्हणाला. तू फक्त ये म्हण.

संक्रांतीचा एळ्ळु, तीळ-गूळ-खोबऱ्याचा, ह्याबरोबर पाठवतेय. नऊ वर्षं डब्यात भरून ठेवत होते आणि रथसप्तमीला शेजारणीला देऊन टाकत होते. यंदा तुझा तुला.

परवा ह्यांना सांगायचं म्हणून बसले. खरंच बसले. "तुमच्याशी बोलायचंय" म्हटलं. ह्यांच्यापुढे तारांचा ढीग पडलेला. चाळीस जणांचं जेवण आचाऱ्याला सांगून विसार दिला, आणि आता चौदा जण येत नाही म्हणून कळवतात. एकाला ताप, एकाच्या मळ्यात संप, एकाला पहिली रांग दिली नाही म्हणून राग. विसार परत मिळत नाही. एका डॉक्टरांच्या गालिच्यांचं पार्सल भलत्याच जंक्शनला उतरलं, ते आणायला माणूस पाठवायचा. विमावाले म्हणतात चौकावर पत्रे नाहीत म्हणजे छप्पर नाही, जास्त पैसे भरा. उटीची बाई कुत्रा घेऊन येतेय, त्याची सोय काय म्हणून विचारते. मी म्हटलं, अहो, ऐकताय का? हे म्हणाले, "सत्या, परिषद होऊ दे गं. मग तू आणि मी, सगळं बोलू." आणि हसले. डोळे खोल गेलेत, कोट खांद्यावरून लोंबायला लागलाय. मी उठले आणि पोळ्या लाटल्या.

एक सांगू? काल कात्री घेऊन त्या खोलीत गेले होते. म्हटलं कापूनच टाकावा, उंदरांनी खाल्ला म्हणावं. उलगडला. आणि बघत बसले. कात्री लावली नाही. लावता येईना.

ये रे, अण्णा. पाया पडते तुझ्या.

सत्यवती

राजाजीनगर
२७ जानेवारी १९६०

अण्णा,

तू आला नाहीस.

तीनही दिवस मी छत्राच्या फाटकाकडे बघत होते. पागोटं दिसलं की वाटायचं आलास. एकदा तर एका बांबूवाल्यामागे धावत गेले.

काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितेय. मागायचं आता काही उरलं नाही.

पहिले दोन दिवस परिषद परिषदेसारखी झाली. सव्वीस माणसं आली, चाळिसांचं शिजलं. मजूर गालिच्यांपाशी बसून पेंगले, कुत्रा बांबूंच्या सांगाड्यात अडकला, "हं" "हं" झालं. हे सगळीकडे धावत होते. ह्यांनी जज्जांचा गालिचा आमच्याकडे आल्यापासून उलगडून बघितलाच नव्हता, वेळ कुठे होता! रविवारी सकाळी तो चौकात उन्हात पसरला. अण्णा, काय दिसला म्हणून सांगू! लोक बोलायचे थांबले.

हे गुडघ्यावर बसले. खिडकीकडच्या बाजूवरून हात फिरवला. हात थांबला. जज्जांच्या बंगल्यात कितीदा बघितलाय ह्यांनी तो गालिचा, विटकी बाजू ह्यांना पाठ आहे. मान वर करून इकडे तिकडे बघितलं. मी कॉफीचं तबक घेऊन खांबाशी उभी होते, तिथे येऊन नजर ठरली. एवढंसं तोंड झालं त्यांचं.

मग नंदकिशोरजी आले. भिंग लावून बघितलं, मागून बघितलं. मग खिशातून पांढरा रुमाल काढला, पाण्यात बुडवून पिळला, आणि लाल बाजूवर दाबून दाबून घासला. नवा रंग असला की रुमालाला लागतो म्हणे. त्यांनी रुमाल उचलून सगळ्यांना दाखवला. पांढरा. भिंगातून बघून म्हणाले, "उलट हीच बाजू जास्त जिवंत आहे. जुनी मंजिष्ठ अशी असते." आणि किंमत सांगितली. त्या किमतीत सगळी तूट निघाली असती, घराचे कागद सुटले असते आणि वर जज्जांना दोन मोटारी आल्या असत्या.

जज्ज म्हणाले, "सरी, दामोदर, हात ठेव."

ह्यांनी हात ठेवला. माझ्या बाजूवरच ठेवला. "ह्याला नवी गाठ नाही," म्हणाले. मग थांबले. इतके थांबले की जज्ज म्हणाले, पुढे? तेव्हा हे म्हणाले, "नवा रंग आहे. तो मी चढवला."

मला रडू यायला हवं होतं, नाही का? नवरा माझ्यासाठी चोर व्हायला निघाला होता. मला आला राग! तबक तिथेच खाली आपटलं आणि त्या सगळ्या सुटाबुटातल्या लोकांसमोर ओरडले, "ह्यांना गुलाल आणि शेंदूर वेगळा ओळखता येत नाही, हे काय रंगवणार! रंग माझा आहे. मी केलाय."

तर नंदकिशोरजी हसले. खरंच हसले. म्हणाले, "बहनजी, नवऱ्यावर आळ येऊ नये म्हणून बोलताय, कळतं मला. पण रुमाल पांढरा आहे. नवा रंग असा बसत नाही, आणि घरात बाईमाणसाच्या हातून तर नाहीच. दामोदरराव थकलेत, त्यांचा गैरसमज झालाय. मी गालिचा घेतो." जज्जांचा जीव भांड्यात पडला. "ऐकलंस? चल, नीट हात ठेव आणि म्हण," म्हणाले. सगळे माना डोलवत होते. सगळ्यांना तेच हवं होतं. ह्यांनी गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं. खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं, म्हणा.

ह्यांनी मान हलवली. म्हणाले, "ही आप्पाजी रंगाऱ्याची मुलगी आहे. त्यांनी रंगवलेलं कापड फाटायचं, रंग जायचा नाही. ही म्हणते तर हिनंच केलंय. मी खोटं बोललो, मी नाही केलं. गालिचा घेऊ नका."

संपलं. जज्ज लालबुंद झाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ह्यांना म्हणाले, "विश्वासानं तुझ्या घरी ठेवला होता. आता तुझी तूट तू बघ." दुपारच्या जेवणाआधी सगळ्यांनी आपापले गालिचे गुंडाळले. जो तो जाताना आपल्या गालिच्याची मागली बाजू उलटून बघत होता, ह्यांच्या हातानं गेलेले सगळे गालिचे आता संशयाचे झाले ना! भात आणि सारू तसंच राहिलं. मजुरांना पोटभर वाढलं आणि उरलेलं डबे भरून दिलं. संध्याकाळपर्यंत हे एकटे शिडीवर उभे राहून छत्राचे पत्रे परत बसवत होते, गड्यांना द्यायला पैसे नव्हते म्हणून.

शेटनं पाडव्यापर्यंतची मुदत दिलीय. घर सोडायचं ठरलं. लिलावघराच्या मालकांनी ह्यांना "थोडे दिवस घरी बसा" म्हटलंय. ज्या माणसाच्या हातावर लोक विश्वास ठेवायचे त्याला लिलावात हात वर करता येत नाही आता. हे ओरडले असते तर बरं झालं असतं. शेजारी ऐकतील एवढं ओरडले असते तरी चाललं असतं. हे भांडी बांधायला मदत करतात.

काल रात्री एकच विचारलं. "सत्या, का केलंस?" मी म्हटलं, तुमच्या परिषदेसाठी. चारचौघांत तुमची शोभा व्हायला नको म्हणून. हे "बरं" म्हणाले आणि कूस बदलली.

ते खरं नाही, अण्णा. तुलाही तेच लिहीत आले, तेही खरं नव्हतं. अंगणात तो विटका गालिचा उलगडला तेव्हा मला परिषद आठवली नाही, हे आठवले नाहीत, कोणी आठवलं नाही. एवढंच वाटलं, हे मला करता येईल. कोणी बघायला नाही, लाथ मारायला तू नाहीस, हे मला करता येईल.

आणि चौकात तो माणूस हसून म्हणाला ना, नवा रंग असा बसत नाही, तेव्हा समोर हे त्या गालिच्यावर हात ठेवून उभे होते, घर जात होतं, नाव जात होतं, सगळं मला दिसत होतं. आणि मला आनंद झाला. आतून, असा कधी झाला नव्हता तसा. लग्नातसुद्धा झाला नव्हता. आता ह्यांच्या पानात वाढताना मी मान वर करत नाही, पण तो आनंद काही जात नाही.

ह्यांना हे मेले तरी सांगू शकणार नाही. कोणाला तरी सांगायला हवं होतं, आणि ज्याला कळेल असा तू एकटाच उरलायस.

सत्यवती